मुलांकडे तोंड करून बसा: पाच शिक्षकांनी मिळून एक पाठ कसा घडवावा

डी.एड.ला असताना सराव पाठाच्या दिवशी अध्यापक मागच्या बाकावर येऊन बसायचे. पाठ संपला की वही हातात मिळायची. तिच्यात लिहिलेलं असायचं: आवाज स्पष्ट, फलकलेखन चांगलं, शैक्षणिक साधनांचा वापर अपुरा. पाठ चाळीस मुलांसाठी घेतलेला असायचा, पण त्या वहीत एकाही मुलाबद्दल ओळ नसायची. नोकरीत आल्यावरही हेच चालू राहिलं. वर्गात कुणी पाहुणा आला की त्याची खुर्ची मागेच ठेवली जाते. तिथून शिक्षकाचं तोंड दिसतं आणि मुलांच्या फक्त पाठी दिसतात.

ती खुर्ची उचलून खिडकीजवळ, मुलांचे चेहरे आणि वह्या दिसतील अशी ठेवायची, हा या लेखाचा विषय आहे. जपानी शाळांत या रीतीला जुग्यो केंक्यू म्हणतात. जुग्यो म्हणजे वर्गातला पाठ आणि केंक्यू म्हणजे अभ्यास. आपण याला सरळ ‘पाठ अभ्यास’ म्हणू: काही शिक्षक मिळून एक पाठ लिहितात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात आणि मग सगळे चर्चा करतात. अशी एक पूर्ण फेरी म्हणजे एक चक्र. १८७२ साली टोकियोत शिक्षक घडवणारी शाळा निघाली. त्या मेइजी काळात संपूर्ण वर्गाला एकत्र शिकवण्याची पद्धत जपानला नवी होती आणि शिक्षक एकमेकांचे तास बघून ती शिकत होते. पुढे हे तिथल्या प्राथमिक शाळांच्या अंगवळणी पडलं. बाहेरच्या जगाचं लक्ष मात्र फार उशिरा गेलं. १९९५ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणित तासांचं चित्रीकरण झालं आणि जपानी तास इतके वेगळे का दिसतात, याचा शोध घेणारे या पद्धतीपर्यंत पोचले.

आम्ही आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, जिल्हा परिषदेच्या तीन शाळांमधले पाच शिक्षक मिळून हे करतो. खाली जे लिहिलंय ते त्या अनुभवातून. उदाहरण एकच ठेवतो, तिसरीतली हातच्याची वजाबाकी, म्हणजे प्रत्येक पायरी प्रत्यक्ष कशी दिसते ते कळेल.

पायरी १: गट आणि करार

चार ते सहा माणसं पुरेत. सहाच्या वर गेलं की वर्गात गर्दी होते आणि चर्चेत दोघंतिघं गप्प बसतात. द्विशिक्षकी शाळेत एवढी माणसं मिळत नाहीत, म्हणून शेजारच्या शाळा जोडून घ्याव्यात. सगळे एकाच इयत्तेला शिकवणारे असले पाहिजेत असं नाही. उलट पहिलीच्या बाई आणि पाचवीचे सर गटात असले की तो घटक कुठून येतो आणि पुढे कुठे जातो, हे बोलायला माणूस मिळतं.

पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी ठरवून कागदावर लिहा. एक, पाठ गटाचा असेल. वर्गात जो शिकवेल तो गटाने मिळून लिहिलेला पाठ शिकवेल, म्हणून फसला तर सगळ्यांचा फसला. दोन, गुण, श्रेणी, शेरा काहीही दिलं जाणार नाही आणि इथलं बोलणं कुणाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही. तीन, ठरलेल्या दिवशी सगळे येतील. केंद्रप्रमुखांना या कराराची प्रत आधीच द्या. त्यांनी गटात जरूर यावं, पण निरीक्षक म्हणून आलेल्या बाकीच्या शिक्षकांसारखंच, मुलांच्या शेजारी बसायला. दुसरा मुद्दा आम्ही आधी तोंडीच ठरवला होता आणि त्याची किंमत मोजली. पहिल्या चक्रात सगळ्यांनी एकमेकांचं नुसतं कौतुक केलं, कुणीही काही शिकलं नाही.

वेळेचा अंदाज सांगतो. एका पूर्ण चक्राला आमचे बारा तास लागतात आणि ते पाच-सहा आठवड्यांत पसरलेले असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा आहे. त्या हिशेबात हे बारा तास जड नाहीत.

पायरी २: अडचण वह्यांमधून शोधा

‘गणितात मुलं कच्ची आहेत’ ही अडचण झाली नाही. प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या दहा वह्या आणाव्यात, चटईवर पसराव्यात आणि चुकांचे ढीग करावेत. आमच्याकडे वजाबाकीच्या चुकांचे दोन मोठे ढीग झाले. पहिल्या ढिगातली मुलं एकक स्थानी वर लहान अंक दिसला की सरळ मोठ्यातून लहान वजा करतात. ५२ − २८ मध्ये आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन, उत्तर ३६. दुसऱ्या ढिगातली मुलं हातचा घेतात, बारातून आठ वजा करून चार लिहितात, पण दशकातला एक कमी करायला विसरतात. त्यांचं उत्तर ३४.

दोन्ही उत्तरं चूकच, तरी दोघांना लागणारी मदत वेगळी आहे. दुसऱ्या मुलाला रीत माहीत आहे, ती मध्येच सुटते. पहिल्याला बावन्न ही पूर्ण संख्याच दिसत नाही, त्याला एकाखाली एक लिहिलेले सुटे अंक दिसतात. आम्ही पहिला ढीग निवडला आणि प्रश्न असा लिहिला: एक दशक म्हणजे दहा सुटे, हे वजाबाकी करताना मुलाच्या मनात असतं का?

पायरी ३: साहित्याचा अभ्यास

जपानी शिक्षक याला क्योझाई केंक्यू म्हणतात. माझ्या मते साऱ्या पद्धतीचा जीव इथे आहे. घाई असेल तर बाकी कुठेही वेळ वाचवा, इथे वाचवू नका.

दुसरी, तिसरी आणि चौथीची बालभारतीची पुस्तकं शेजारी शेजारी उघडा. हा घटक आधी कुठे आला, चित्रं कोणती वापरली, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे कधी येतात आणि कधी गायब होतात, ते पाहा. मग सगळ्यांनी मुलांच्या जागी बसून उदाहरणं सोडवा, तीही काड्या हातात घेऊन. आम्ही पाच जणांनी गठ्ठे सोडून बघितले तेव्हा कळलं की गठ्ठ्याचं रबर काढायलाच मुलाची दोन मिनिटं जाणार आहेत.

संख्यांच्या नावांकडेही लक्ष द्या. मराठीत बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतो आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र पाच आधी येतो. अठ्ठावीस ऐकून ८२ लिहिणारी मुलं प्रत्येक शाळेत भेटतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी जोडी आली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. भाषेचा अभिमान मलाही आहे. तरी पाठ ठरवताना आम्ही ‘बावन्न म्हणजे पन्नास आणि दोन’ हे वाक्य मुलांकडून मोठ्यानं म्हणून घ्यायचं ठरवलं, कारण दशक कानाला ऐकू आल्याशिवाय तो मोडायचा कसा?

आणि आता संख्या निवडणं. बहुतेक वेळा आपण मनाला येईल ती संख्या फळ्यावर लिहितो. समजा ५० − २५ दिलं. मोठ्यातून लहान वजा करणारं मूल लिहील ३५. हातचा घेऊन दशक कमी करायला विसरणारं मूलही लिहील ३५. वहीत ३५ दिसल्यावर तुम्हाला कळणारच नाही की चूक कोणती. एकक स्थानच्या अंकांत पाचाचा फरक असला की प्रत्येक वेळी असंच होतं. ६१ − ३६ करून बघा. ५२ − २८ मध्ये मात्र चारही वाटा वेगळ्या दिसतात: बरोबर उत्तर २४, पहिली चूक ३६, दुसरी चूक ३४, आणि चुकून बेरीज केली तर ८०. उत्तर पाहताक्षणी मूल कुठल्या वाटेनं गेलं ते समजतं. या एका संख्येवर आम्ही पाऊण तास घालवला आणि माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत गणित शिकवण्याबद्दल मला सर्वांत जास्त शिकवणारा पाऊण तास तोच होता.

पायरी ४: टाचण

नेहमीच्या टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, शिक्षक कृती आणि विद्यार्थी कृती असे दोन रकाने असतात. विद्यार्थी कृतीखाली आपण ‘विद्यार्थी उत्तरे देतात’ असं लिहून मोकळे होतो. पाठ अभ्यासाच्या टाचणाला चार रकाने करा: शिक्षकाचा प्रश्न, मुलं काय काय म्हणतील, त्यावर शिक्षक काय करेल, आणि निरीक्षकांनी काय बघायचं. दुसरा रकाना सगळ्यांत लांब झाला पाहिजे. त्यात बरोबर उत्तरापेक्षा चुकीची आणि अर्धवट उत्तरं जास्त हवीत.

पाठाचा मुख्य प्रश्न शब्दशः लिहा. जपानीत त्याला हात्सुमोन असं खास नाव आहे. आमचा प्रश्न तीनदा बदलला. पहिला होता, ‘बावन्नातून अठ्ठावीस कसे वजा कराल?’ यानं मुलं थेट उभी मांडणी करतील, म्हणून सोडला. शेवटी ठरलं ते असं: ‘टोपलीत बावन्न पेरू होते. बाजारात अठ्ठावीस विकले. उरलेले किती ते काड्यांनी दाखवा, आणि कसं केलं ते शेजारच्याला सांगा.’ प्रश्न एवढा पक्का का लिहायचा? वर्गात ऐनवेळी एक शब्द बदलला की मुलं वेगळंच करतात, आणि मग आपण ठरवलेलं तपासलंच जात नाही.

फळ्याचाही नकाशा काढा. डाव्या बाजूला प्रश्न, मध्ये मुलांच्या तीन वेगवेगळ्या रीती, उजवीकडे वर्गाचं ठरलेलं म्हणणं. पाठ संपेपर्यंत काही पुसायचं नाही. जपानी शिक्षक फलकलेखनाला, म्हणजे बान्शोला, फार महत्त्व देतात. तास संपताना अख्खा तास फळ्यावर वाचता आला पाहिजे, अशी त्यामागची कल्पना आहे. आपले फळे लहान असतात, हे खरं. आम्ही बाजूच्या भिंतीला जुन्या दिनदर्शिकेची पानं उलटी करून चिकटवतो.

मुलांच्या रीती फळ्यावर आल्यावर लगेच बरोबर रीत सांगून टाकू नका. ३६ आणि २४ शेजारी ठेवा आणि दोन्हीकडच्या मुलांना बोलू द्या. या टप्प्याला ते नेरिआगे म्हणतात, मळून एकजीव करणं. टाचणात याला किमान बारा मिनिटं राखून ठेवा, कारण वेळ कमी पडला की सर्वांत आधी हाच भाग कापला जातो.

पायरी ५: पाठाचा दिवस

कुणाचा वर्ग वापरायचा ते ठरल्यावर मोठी अडचण येते: बाकीच्यांचे वर्ग कोण सांभाळणार? आम्ही केंद्राच्या शिक्षण परिषदेचा दिवस धरला, कारण त्या दिवशी शिक्षक एकत्र येतातच. यजमान शाळेचा एकच वर्ग थांबवून घ्यायचा आणि पालकांना आदल्या दिवशी सांगायचं. ते जमत नसेल तर एकाच शाळेतल्या दोघांनी दोन वर्ग एकत्र बसवून एकाला मोकळं करावं. तास शक्यतो परिपाठानंतर लगेच ठेवा. खिचडी शिजल्याचा वास आला की चर्चेत मुलांचं लक्ष राहत नाही.

मुलांना खरं सांगा. ‘हे बाकीचे सर आणि बाई तुमच्याकडून शिकायला आलेत, तुम्ही कसा विचार करता ते बघायला.’ मुलं याचा आदर ठेवतात.

प्रत्येक निरीक्षकाला दोन किंवा तीनच मुलं वाटून द्या. बैठकीचा नकाशा आणि मुलांची नावं हातात असू द्या. पूर्ण तासभर त्यानं त्याच मुलांकडे पाहायचं. त्याचे नियम कडक आहेत. मुलाला मदत करायची नाही, डोळ्यांनी खूण करायची नाही, शेजारच्या शिक्षकाशी कुजबुजायचं नाही. मूल अडकलेलं दिसतंय आणि आपण गप्प आहोत, हे शिक्षकाला फार जड जातं. पहिल्या वेळी आमच्या गटातल्या एका बाईंनी न राहवून मुलाच्या काड्या नीट लावून दिल्या. त्या मुलानं पुढे काय केलं असतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

नोंद कशी करायची, याचा सराव आधी एकदा करून घ्या. ‘मुलांना संकल्पना समजली’ ही नोंद निरुपयोगी आहे, कारण तो निष्कर्ष आहे. उपयोगाची नोंद अशी असते: ‘११.१४. पाच गठ्ठे, दोन सुट्या मांडल्या. २८ काढताना थांबला. दोन सुट्यांवर बोट ठेवून म्हणाला, आठ नाहीत. शेजारच्या वहीत बघितलं.’ वेळ, हालचाल, मुलाचे शब्द, एवढंच. अर्थ नंतर लावायचा.

फोनवर चित्रीकरण करावं का? मी वह्यांचे आणि फळ्याचे फोटो काढतो, मुलांच्या चेहऱ्यांचे नाही. चित्रीकरण करायचंच असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या आणि ते गटाबाहेर कुठेही पाठवू नका.

पायरी ६: चर्चा

त्याच दिवशी, शक्यतो चहा पिऊन लगेच बसा. एक तास पुरतो. एकानं वेळ सांभाळायची, एकानं लिहायचं. आधी ज्यानं शिकवलं तो बोलेल: काय ठरवल्याप्रमाणे झालं, कुठे आश्चर्य वाटलं. मग प्रत्येक निरीक्षक आपल्या दोन-तीन मुलांची हकिकत सांगेल, नुसती हकिकत, मत नाही. सगळ्यांचं झाल्यावरच अर्थ लावायला सुरुवात करायची. ‘छान झाला’, ‘मी असतो तर’ ही दोन वाक्यं आम्ही बंद केली आहेत. पाठातल्या कुठल्याही निर्णयावर बोलताना ‘तुम्ही’ न म्हणता ‘आपण’ म्हणायचं. टाचण आपणच लिहिलं होतं ना?

या चर्चेतून काय हाती लागतं ते सांगतो. आमच्या पाठात एका मुलीचं उत्तर २४ आलं. शिक्षक तिच्या वहीवर नजर टाकून पुढे गेले, आणि तसंच जायला हवं होतं, वर्गात तीस मुलं होती. पण तिच्याजवळ बसलेल्या बाईंच्या नोंदीत होतं: तिनं पाचही गठ्ठे सोडले. बावन्न काड्या सुट्या केल्या, त्यातून अठ्ठावीस एकेक करून मोजून बाजूला ठेवल्या आणि उरलेल्या मोजल्या. सात मिनिटं लागली. उत्तर अगदी बरोबर, आणि आम्ही ज्या प्रश्नासाठी पाठ घेतला होता तो तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. दशक मोडायची तिला गरजच पडली नाही, सगळंच मोडलेलं होतं. मग इतरांनीही आपापल्या नोंदी चाळल्या. अशी आणखी चार मुलं निघाली. मागच्या बाकावरून ही पाच मुलं ‘बरोबर’ या खात्यात गेली असती.

शक्य असेल तर बाहेरचा एक जाणकार बोलवा, डाएटमधले (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले) अधिव्याख्याते किंवा केंद्रातले अनुभवी निवृत्त शिक्षक. जपानमध्ये असा माणूस शेवटी बोलतो, आणि हा क्रम पाळण्यासारखा आहे. तो आधी बोलला तर बाकीचे त्याच्या मताभोवती फिरतात. त्याला टाचण चार दिवस आधी द्या आणि पूर्ण पाठ बघायला सांगा.

पायरी ७: दुरुस्ती आणि दुसऱ्या वर्गात पुन्हा

जपानमध्ये पाठ दर वेळी पुन्हा घेतातच असं नाही. आपण मात्र घ्यावा असं मला वाटतं, निदान पहिली दोन-तीन चक्रं तरी. बदल केल्यानं फरक पडतो हे डोळ्यांनी दिसलं की गट टिकतो. दुसऱ्या शाळेतला वर्ग घ्या आणि शिकवणारा बदला.

एका वेळी एक-दोनच बदल करा. आम्ही दोन केले. गठ्ठ्याला हात लावण्याआधी विचारायचं, ‘किती गठ्ठे सोडावे लागतील? आधी सांगा, मग सोडा.’ आणि प्रत्येक जोडीला रबर घट्ट गुंडाळलेले गठ्ठे द्यायचे, म्हणजे सगळे सोडणं कंटाळवाणं वाटेल. दुसऱ्या वर्गात एक मुलगा म्हणाला, ‘एकच पुरे. एक सोडला की बारा होतात.’ त्याचं वाक्य बाईंनी त्याच्याच शब्दांत फळ्याच्या उजव्या बाजूला लिहिलं. सगळी मुलं तिथवर आली नाहीत. दोघांनी तरीही पाचही गठ्ठे सोडले, आणि ती नोंद आमच्याकडे आहे.

पायरी ८: कागद

तीन-चार पानं पुरेत: प्रश्न, शेवटचं टाचण, फळ्याचा फोटो, मुलांच्या निवडक नोंदी (नावं काढून), काय बदललं आणि का. समूह साधन केंद्रात एक फाइल ठेवा. पुढच्या वर्षी तिसरीला शिकवणारा नवा शिक्षक पहिल्यापासून सुरुवात करणार नाही. अहवालाच्या नमुन्यात वेळ घालवू नका. हातानं लिहिलेला चालतो.

मोडतं कुठे

सर्वांत जास्त वेळा हे मोडतं ते ‘आदर्श पाठ’ करण्याच्या मोहानं. पाहुणे येणार म्हणून मुलांकडून आदल्या दिवशी तालीम करून घेतली, की वर्गात बघण्यासारखं काही उरत नाही. नवा घटक नवाच असू द्या. दुसरं कारण घाई. तिसऱ्या आणि चौथ्या पायऱ्या उरकून थेट वर्गात जाणाऱ्या गटाकडे चर्चेत बोलायला काही नसतं, कारण काय बघायचं तेच ठरलेलं नसतं. आणि वर्षाला दोन चक्रं पुष्कळ झाली.

गट जमतच नसेल तर दोघांनी सुरू करा. एकानं शिकवायचं, दुसऱ्यानं तीन मुलांशेजारी बसून वीस मिनिटं लिहायचं, मधल्या सुट्टीत बोलायचं, पुढच्या आठवड्यात उलट.

आमचं पुढचं चक्र दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. त्याचा प्रश्न दुसऱ्या वर्गातल्या एका नोंदीतून आला. जादा उदाहरण म्हणून ६० − २८ दिलं होतं. नुकतंच ५२ − २८ बरोबर सोडवलेल्या मुलानं लिहिलं ४८. निरीक्षकानं पुढे टिपलंय: ‘शून्यावर बोट ठेवलं. म्हणाला, इथे काहीच नाही, म्हणून आठ तसेच राहिले.’ पहिल्या बैठकीला प्रत्येकानं दहा वह्या आणायच्या आहेत, शून्याची वजाबाकी असलेल्या.